वज्रीचा झिजलेला तळ

आमच्या संग्रहालयात कामाला येणाऱ्या नव्या मुलामुलींना मी पहिल्याच दिवशी विचारते, इथली कुठली वस्तू घरी गेल्यावरही आठवत राहते? बहुतेकांचं उत्तर तलवार किंवा नाणी. माझं उत्तर वज्री.

कॉलेजात असताना पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वज्र्या मांडलेल्या पाहिल्या आणि मी थबकलेच. टाचा घासायची वस्तू, पण वरच्या मुठीला पक्षी, प्राणी! आमच्या आजीची वज्री मोरीच्या कोनाड्यात पडलेली असायची. दिनकर केळकरांनी, म्हणजेच कवी अज्ञातवासींनी, लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, आठवणीत हा संग्रह उभा केला. २० हजारांवर वस्तू, त्यात अडकित्ते, दिवे, स्वयंपाकघरातली भांडी. घरातल्या रोजच्या वस्तूंना एवढा मान देणारा माणूस होऊन गेला, हे कळलं आणि मी संग्रहालयशास्त्राकडे वळले. (बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२पासून हा विभाग आहे; मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही पदविका करता येते.)

उमेदवारीच्या काळात माझ्या हातून एक चूक झाली, ती आजही बोचते. एक जुनी समई मी चिंच लावून लख्ख घासली. वरिष्ठांनी ती बघितली आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. पितळ घासलं की दर वेळी धातूचा पातळ थर जातो. काळाने धातूवर चढलेली छटा, काजळी, तेलाचे डाग, म्हणजे वापराचा सगळा पुरावाच पुसला जातो. म्हणून सांगते, पहिले काही महिने फक्त बघा. वस्तू दोन्ही हातांनी उचला, मुठीला किंवा कडीला धरून कधीच नाही. धातूला हात लावताना नायट्राइलचे हातमोजे घाला, घामातल्या क्षारांनी डाग पडतात.

नोंदणी क्रमांक लिहिणं कंटाळवाणं वाटेल, पण त्यातच नजर तयार होते. आधी पॅरालॉइड बी-७२ या ॲक्रिलिक रेझिनचा पारदर्शक थर, तो वाळला की त्यावर बारीक आकडे, वरून पुन्हा थर. उद्या गरज पडली तर ॲसिटोनने सगळं काढता येतं. क्रमांक दर्शनी बाजूला नको आणि झिजलेल्या जागीही नको. ती जागा शोधायला वस्तू सगळीकडून निरखावीच लागते.

आमच्याकडच्या वज्रीचा तळ असाच निरखताना दिसलं, की खरखरीत चौकटी एकाच कडेला गुळगुळीत झाल्या आहेत. वर्षानुवर्षं कुणीतरी ती त्याच कडेवर तिरकी धरून टाच घासली होती. वस्तू देणारं घर भेटलं की किंमत विचारत बसू नका. ती कोण वापरायचं, कुठे ठेवायचे, घरात तिला काय म्हणायचे, ते विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.

जुन्या रजिस्टरात आमच्या वज्रीपुढे ‘पितळी, नग १’ एवढंच होतं. आता झिजेची नोंद मी केली आहे. वापरणारीचं नाव अजून शोधते आहे.