वेदना आणि भीती कमी करताना वॉर्डात होणाऱ्या या चुका टाळा

हर्नियाचं ऑपरेशन झालेले एक सत्तरीचे बाबा रात्री तळमळायला लागले. ऑपरेशन दुपारी झालं होतं, कमरेतून भूल देऊन. पेनकिलर नुकतंच दिलेलं होतं. मी स्टूल ओढून शेजारी बसले, हात धरला, सावकाश श्वास घ्यायला लावला. पंधरा मिनिटं झाली तरी बाबांची उलघाल वाढतच होती. शेवटी रात्रपाळीच्या मोठ्या सिस्टर आल्या, पांघरूण बाजूला केलं आणि ओटीपोटावर हात ठेवला. मूत्राशय टम्म फुगलं होतं. ऑपरेशननंतर बाबांना लघवीच झाली नव्हती आणि मी ते विचारलंच नव्हतं. कॅथेटर घातल्यावर पाच मिनिटांत त्यांचा डोळा लागला.

धीर देणं, हात धरणं, श्वास, शेक, उशी, शांतता हे सगळे उपाय खरे आहेत आणि रोज उपयोगी पडतात. पण कारण न बघता दिले तर ते पेशंटचा वेळ खातात. सगळ्यांत मोठी चूक हीच, म्हणून ती आधी सांगितली. पेशंट अस्वस्थ झाला की आधी ऑक्सिजन, नाडी आणि बीपी बघा. ड्रेसिंग रक्ताने भिजलंय का, लघवी झाली का, मधुमेह असेल तर साखर किती, सलाईनचा हात सुजलाय का, हेही बघा. दारूची सवय असलेला माणूस दाखल झाल्यावर दोन-तीन दिवसांत थरथरायला, घाबरायला लागला, तर ती नुसती भीती नसते, डॉक्टरांना कळवा. छातीत दुखतंय म्हणणाऱ्याला ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून बसवून ठेवू नका. आणि प्लास्टरमधला ठणका पेनकिलर देऊनही वाढत असेल, बोटं सरळ करताना पेशंट ओरडत असेल, तर गाणी लावून त्याचं मन रमवत बसू नका. आतला दाब वाढलेला असू शकतो, तिथे मिनिटं महत्त्वाची असतात.

‘दुखतंय का?’ एवढंच विचारणं

आपल्याकडच्या कितीतरी बायका या प्रश्नाला ‘बरंय, सहन होतंय’ एवढंच उत्तर देतात. पडून राहिलं की बरंच वाटतं, म्हणून मी विचारते, ‘कूस वळताना कसं होतं? खोकला आला की?’ खरं उत्तर तिथे मिळतं.

दुखण्यासाठी मराठीत जितके शब्द आहेत तितके ऐकून घ्या, कारण प्रत्येक शब्द काहीतरी सांगत असतो. ठसठसतंय म्हटलं की मी जखमेत पू धरतोय का ते बघते. कळ येऊन जाते म्हटलं की आतडं किंवा मुतखडा डोक्यात येतो. पायात सणक जाते, आग होते, मुंग्या येतात असं म्हणणाऱ्याची नस दुखावलेली असू शकते. कंबरेत चमक भरणं वेगळं, कंबर भरून येणं वेगळं. मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी 1975 मध्ये वेदनेची जी प्रश्नावली केली तिच्यात 78 शब्द आहेत, 20 गटांत लावलेले. आपल्या आज्यांकडे तसे शब्द तयारच असतात. आपण मात्र केसपेपरवर सरसकट ‘पेन’ लिहून मोकळे होतो. पेशंटचा शब्द जसाच्या तसा लिहा.

शून्य ते दहाचं माप खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना पटकन उमगत नाही. त्यांना मी विचारते, ‘रुपयातलं किती आणे दुखतंय?’ लगेच उत्तर येतं, ‘बारा आणे.’ फक्त एका पेशंटला एकच माप ठेवा आणि हँडओव्हरमध्ये ते सांगा. नाहीतर पुढच्या पाळीला बारा आणे आणि पाच यांचा मेळ लागत नाही.

‘घाबरू नका, काही होत नाही’

हे वाक्य आपल्या तोंडात इतकं बसलंय की ते बोलताना आपण पेशंटकडे बघतही नाही. ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की सिस्टरला माझं ऐकायचं नाही. त्यापेक्षा पुढे काय होणार ते सांगा: ‘आता नळी काढते. ओढल्यासारखं वाटेल, चार-पाच सेकंद. मी सांगेन तेव्हा श्वास सोडा.’ काय जाणवेल आणि किती वेळ, या दोन गोष्टी कळल्या की बरीचशी भीती ओसरते.

लहान मुलाला ‘अजिबात दुखणार नाही’ म्हणू नका. सुई टोचली की आपण खोटं बोललो हे त्याला कळतं आणि दुसऱ्या वेळी चौघांनी धरावं लागतं. मुलाला आडवं दाबून धरण्यापेक्षा आईच्या मांडीवर बसवा, साबणाचे फुगे फुंकायला द्या. तान्ह्या बाळाला इंजेक्शनच्या आधीपासून अंगावर पाजायला सांगा आणि टोचताना पाजणं थांबवू नका.

श्वास शिकवताना

‘जोरजोरात दीर्घ श्वास घ्या’ असं घाबरलेल्या माणसाला सांगितलं की तो भराभर ओढायला लागतो. मग ओठांना, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि भीती दुप्पट होते. असं झालं तर श्वास घेण्याबद्दल बोलणंच थांबवा, फक्त सोडण्याबद्दल बोला: ‘गरम दुधावर फुंकर घालतो तसं, हळू.’ तुम्हीही त्यांच्यासमोर तसाच श्वास सोडा. मिनिटाला सहा-सात श्वासांपर्यंत उतरलं तर छान, पण आकड्याचा आग्रह नको. दम्याच्या किंवा धापेच्या पेशंटला आडवं ठेवून हे करायला लावू नका. आधी बसवा, पुढे टेबलावर उशी द्या.

शेक, बर्फ आणि मालिश

कोपर आपटलं की आपण ते चोळतो. चोळण्याचा स्पर्श मज्जारज्जूत पोचला की दुखण्याचा निरोप तिथेच काही प्रमाणात अडतो. मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये मांडलेला सिद्धांत हाच. पण जिथे स्पर्शच नीट कळत नाही तिथे शेक धोक्याचा. मधुमेहाने बधिर झालेले पाय, कमरेतल्या भुलीचा असर न उतरलेले पाय, लकव्याची बाजू, गुंगीत असलेला पेशंट: नातेवाईक घरून रबरी पिशवी आणतात, मायेने पायाशी ठेवतात आणि सकाळी फोड दिसतात. म्हणून पिशवी आणली का, हे रात्रीच्या राऊंडला विचारा. टॉवेलात गुंडाळल्याशिवाय ना शेक ना बर्फ, आणि पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त नाही. पोटदुखीचं कारण कळलेलं नसताना पोट शेकू नका.

अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या पोटऱ्या चेपू नका. आत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. माकडहाडावर, टाचेवर लाल झालेली जागाही चोळायची नसते. तिथला भार काढायचा.

सलाईन बाहेर जाऊन हात सुजला तर शेक की बर्फ हा प्रश्न नंतरचा. आधी सलाईन बंद करा, कारण पुढचं काय ते आत कोणतं औषध चाललं होतं त्यावर ठरतं.

उशी

सगळ्यांत स्वस्त उपाय आणि सगळ्यांत कमी वापरला जाणारा. पोटाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटला खोकायची धास्ती असते, म्हणून कफ साचतो. गुडघे दुमडायला सांगा, घडी केलेली चादर किंवा उशी टाक्यांवर ठेवा, पेशंटचे दोन्ही हात तिच्यावर आणि पहिल्या वेळी त्यावर तुमचे. मग खोकू द्या. हे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शिकवा. दुखायला लागल्यावर काही शिकायची कोणाचीच मनःस्थिती नसते.

गाणी, भजनं, आवाज

आपल्याला आवडतं म्हणून वॉर्डात भजन लावू नका. सीरियस पेशंटच्या कानावर अचानक रामनाम पडलं तर त्याच्या मनात काय येतं, याचा विचार करा. त्याला काय ऐकायचं ते त्यालाच विचारा आणि इअरफोन द्या. रात्री ट्रॉलीचं करकरणारं चाक, काउंटरवरच्या गप्पा आणि तोंडावरचा दिवा एवढं आवरलं तरी बरीच माणसं झोपतात.

पेनकिलरच्या बदल्यात

‘दर वेळी गोळी मागू नका, जरा श्वास घ्या’ असं म्हणणं अन्याय आहे. हे उपाय औषधाच्या जोडीने करायचे असतात. लिहून दिलेला डोस वेळेवर द्या, ड्रेसिंगच्या आधी त्याचा असर सुरू होईल असा द्या आणि अर्ध्या तासाने पुन्हा येऊन विचारा. ते पुन्हा विचारणंच बहुतेक वेळा राहून जातं. केसपेपरवर एवढं तरी हवं: ‘रात्री 10.20, टाक्यांजवळ ठणका, बारा आणे. इंजेक्शन दिलं, गुडघ्यांखाली उशी. 10.50, सहा आणे. लघवी झाली.’