हास्केलमध्ये इन्स्टन्सवर वाद कसा घालावा

हास्केल या प्रोग्रामिंग भाषेत एका टाइपला एका टाइपक्लासचा (टाइपने पुरवायच्या क्रियांचा करार) एकच इन्स्टन्स (त्या टाइपसाठी त्या क्रियांची अंमलबजावणी) असतो. मॉड्यूल इम्पोर्ट केलं की तो आपोआप सोबत येतो, लपवायची सोय नाही. म्हणून माझ्या मते साध्या फंक्शनपेक्षा इन्स्टन्सवर जास्त वाद व्हायला हवा, आणि तोही कोड मुख्य प्रकल्पात मर्ज करण्याच्या आधी.

टाइपक्लासचे नियम पाळले जातात का हे आधी बघा, पण तेवढ्यावर समाधान मानू नका. कंटेनर्स लायब्ररीतला मॅप घ्या; त्यात प्रत्येक कीसोबत एक व्हॅल्यू असते. डाव्या मॅपमध्ये ‘पुणे’ या कीला [१, २] आहे, उजव्यात [३]. दोन्ही सेमीग्रुपने (दोन व्हॅल्यू जोडून एक करणाऱ्या टाइपक्लासने) जोडले की ‘पुणे’ला उरतं [१, २]. ३ गेला, ना एरर, ना वॉर्निंग. बऱ्याच जणांना हवं असतं [१, २, ३], म्हणजे युनियनविथ (सामाईक कीच्या दोन्ही व्हॅल्यू दिलेल्या फंक्शनने जोडणारं). साहचर्याचा नियम (कंस कुठेही टाकले तरी उत्तर तेच) मात्र दोन्ही पद्धती पाळतात. डावं ठेवण्याच्या बाजूने एक मुद्दा खरंच वजनदार आहे: त्यात व्हॅल्यू कुठलीही चालते, ती स्वतः सेमीग्रुप असायची गरज नाही. समोरच्याचा हा मुद्दा मान्य करूनच पुढे बोला.

मग विचारा: इथे रास्त अर्थ किती? इंटला (पूर्णांकाच्या टाइपला) बेरीजही पटते, गुणाकारही, म्हणून बेस या मूळ लायब्ररीत त्याला मोनॉइड (सेमीग्रुप अधिक एक तटस्थ व्हॅल्यू) दिलेलाच नाही. सम आणि प्रॉडक्ट असे वेगळे न्यूटाइप (जुन्या टाइपभोवतीचं नव्या नावाचं वेष्टन) आहेत. मॅपसाठीही तसाच, व्हॅल्यू जोडणारा मोनॉइडलमॅप आहे. ‘न्यूटाइप म्हणजे नुसती लिखापढी’ ही तक्रार जीएचसी (हास्केलचा कंपाइलर) ८.६ मध्ये डिरायव्हिंग व्हाया (दुसऱ्या टाइपचा इन्स्टन्स उसना घेण्याची सोय) आल्यापासून बरीच लंगडी पडली आहे.

चालू इन्स्टन्सचा अर्थ बदलायला माझा ठाम विरोध असतो. टाइप तोच राहतो, त्यामुळे जुना कोड बिनतक्रार कंपाइल होतो आणि उत्तरं बदलतात. त्यापेक्षा नवा अर्थ नव्या न्यूटाइपवर लिहा आणि हळूहळू तिकडे जा. कुठे कुठे बदल हवा, ते कंपाइलरच दाखवत जाईल.

ऑर्फन इन्स्टन्सची (टाइपच्याही आणि टाइपक्लासच्याही मॉड्यूलबाहेर लिहिलेल्या इन्स्टन्सची) वॉर्निंग चालू ठेवा. लायब्ररीत तर हवीच.

शेवटी टेस्ट मागा. मॅपच्या बाबतीत दोन्ही बाजूंना निदान एक की सामाईक हवी. सगळ्या की वेगळ्या असतील तर दोन्ही पद्धती पास होतात आणि ज्या मुद्द्यावर वाद चालू आहे तो तपासलाच जात नाही.