दुपारी गप्प बसणारा इन्सुलेटर

नागपूरजवळच्या कोराडीच्या बाजूच्या एका सबस्टेशनात मी पहिल्यांदा अल्ट्रासाउंड डिटेक्टर, म्हणजे निसटणाऱ्या विजेचा कानाला न ऐकू येणारा आवाज पकडणारं यंत्र, घेऊन फिरलो, तो एप्रिलच्या भर दुपारी. पारा 43 वर, हेडफोनमध्ये शुकशुकाट. 'सर्व ठीक' असा रिपोर्ट देऊन मोकळा झालो.

जूनमध्ये पहिली भुरभुर झाल्यावर पहाटे गेलो, तर 33 केव्हीचे (33 हजार व्होल्टचे) तेच इन्सुलेटर, म्हणजे तारांना आधार देणारे चिनी मातीचे वीजरोधक, चुलीतल्या ओल्या लाकडासारखे तडतडत होते. आमच्याकडे औष्णिक केंद्रांची राख उडून चिनी मातीवर बसते. कोरडी असेतो ती निरुपद्रवी; ओलावली की तिच्यातून गळतीचा प्रवाह वाहतो, मधलाच एखादा पट्टा सुकतो आणि त्यावरून ठिणगी उडी मारते. मुसळधार पाऊस उलट राख धुऊन नेतो. म्हणून नव्याने येणाऱ्यांनो, भुरभुर, धुकं, हिवाळ्यातलं दव, या वेळा धरा. पहाटे साडेपाचला गाडी काढताना घरचे कुरकुरतात, ते ऐकून घ्यायचं.

हवेत किंवा पृष्ठभागावरून अशी निसटणारी वीज म्हणजे डिस्चार्ज; त्याचा बराच आवाज 20 किलोहर्ट्झच्या वर, म्हणजे आपल्या कानापलीकडे असतो. यंत्र साधारण 40 किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज पकडून तो ऐकू येईल इतका खाली आणतं. मी सुरुवातीला सारखा डेसिबलच्या आकड्याकडे बघायचो. सोबतचे जुने फोरमन एकदा वैतागले, "आकडा काय पाहून राह्यला बे, आयक ना!" खरंच होतं. अंतर बदललं की आकडा बदलतो, आवाजाची जात नाही. कोरोना, म्हणजे तारेभोवतीच्या हवेत होणारा डिस्चार्ज, एकसारखा सुसकारतो. ट्रॅकिंग, म्हणजे इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून वाट काढणारी वीज, हळूहळू चढतं, मग अचानक पडतं. आर्किंग, म्हणजे सरळ उडी मारणारी ठिणगी, मधूनच फुटतं आणि थांबतं. ढिल्या बोल्टाची नुसती घरघर असते; नवशिके तिलाच डिस्चार्ज समजतात, मीही समजलो होतो. शंका आली तर आवाज रेकॉर्ड करून स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती आवाज आहे ते, बघावा.

थर्मल कॅमेरा आहे, मग हे कशाला, असं विचारतात. कोरोना फारसा तापतच नाही, कॅमेऱ्याला तो दिसणार कसा?

पण यालाही मर्यादा आहेत. बंद पॅनलला फट किंवा जाळी नसेल तर आवाज बाहेर येत नाही. केबलच्या इन्सुलेशनमधली पोकळीही बाहेरून सहसा ऐकू येत नाही. तिथे दुसऱ्या चाचण्या लागतात. आणि फटीशी यंत्र धरायचं ते सुरक्षित अंतर राखूनच. दार उघडायचा मोह परमिटशिवाय करू नका.

आता रिपोर्टात मी आकड्याच्या आधी वेळ आणि हवामान लिहितो.