गाण्याचा व्हिडिओ बघताना कॅमेऱ्यावर लक्ष कसं ठेवायचं

घरातली मुलं मोबाइलवर गाणी बघतात आणि आपला आक्षेप बहुतेक वेळा कपड्यांपाशी येऊन थांबतो. ‘काय हे कपडे!’ म्हणत मोबाइल काढून घेतला की विषय संपतो, पण मुलांच्या हाती काहीच लागत नाही. माझं म्हणणं आहे, कपडे सोडा, कॅमेरा काय करतोय ते बघा. नऊवारीतल्या बाईलाही कॅमेरा शोभेची वस्तू करून टाकतो, आणि तोकड्या कपड्यांतली गायिका त्याच कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या मर्जीची मालकीण म्हणून उभी राहू शकते. हा फरक शोधायला एक वही, लॅपटॉप आणि थोडा निवांत वेळ पुरतो.

गाणं घरात सगळ्यांना आवडणारं निवडा. नावडतं घेतलं तर निकाल आधीच ठरलेला असतो. पंजाबी पॉप चालेल, हिंदी चालेल, नाहीतर फुटाळा तलावाच्या काठावर शूट केलेलं आपल्या नागपूरच्याच पोरांचं एखादं अल्बम साँग.

पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद करून बघा. ही पायरी गाळू नका, कारण ठेका चांगला असला की डोळे त्याच्यामागे वाहवत जातात. आता व्हिडिओतला पुरुष काय काय करतो ते लिहा: गाडी चालवतो, मित्रांना टाळी देतो, भांडतो, गातो. मग त्यातली बाई काय करते ते लिहा. पुष्कळदा इथे पेन अडखळतं. उभी आहे, वळते, हसते, एवढंच.

यानंतर आवाज सुरू करा आणि फक्त पहिलं एक मिनिट घ्या. वहीत चार रकाने आखा: शॉट कोणाचा, शरीराचा कोणता भाग दिसतो, नजर कुठे आहे, ओठ हलताना दिसतात का. लॅपटॉपवर यूट्यूबचा व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाची बटणं दाबली की एकेक फ्रेम मागेपुढे जाता येतं. मोबाइलवर वेग कमी करून भागतं.

नेहमी सापडणारा एक नमुना सांगते. तो गाडीला टेकून कॅमेऱ्यात बघत गातोय. कट. तिची सँडल. कॅमेरा खालून वर सरकतो, पिंढऱ्या, कंबर, पाठीवरचे केस, आणि चेहरा यायच्या आत पुढचा कट. तो गॉगल खाली करून बघतोय. तीनच शॉट, पण बघणारा कोण आणि बघायची वस्तू कोण, हे ठरून गेलं, आणि आपणही त्याच्याच डोळ्यांनी बघायला लागलो. ब्रिटिश अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी १९७५ मध्ये सिनेमाबद्दल नेमकं हेच मांडलं होतं. कॅमेऱ्याची, पडद्यावरच्या पुरुषाची आणि प्रेक्षकाची नजर एकाच दिशेला वळवली जाते. ‘मेल गेझ’, म्हणजे पुरुषी नजर, हा शब्द तिथूनच रुळला.

ओठांचा रकाना विशेष जपून भरा. गाण्यात बाईचा आवाज चालू आणि पडद्यावर कंबर, असं कितीदा होतं ते त्यातच उमटतं. स्लो मोशनही तपासा. सेकंदाला ५० फ्रेम टिपून २५ च्या गतीने दाखवल्या की हालचाल निम्म्या वेगाची होते. तेव्हाही ओठ गाण्याशी जुळवायचे असतील तर सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवून गाऊन घ्यावं लागतं. ही मेहनत तिच्यासाठी घेतलीय की फक्त केस उडवून घेतलेत, हे एका शॉटमध्ये कळतं.

दिग्दर्शक बाई असली म्हणजे नजर बदललीच, असंही नाही. २०१३ च्या ‘ब्लर्ड लाइन्स’ या इंग्रजी पॉप गाण्याचा व्हिडिओ डायान मार्टेल या स्त्रीनेच दिग्दर्शित केला होता. त्याच्या दोन आवृत्त्या निघाल्या, एकीत मॉडेल्स जवळजवळ विवस्त्र, दुसरीत कपडे घातलेल्या. दोन्हींत पुरुष अंगभर कपड्यांत गाणारे आणि मुली त्यांच्याभोवती मिरवणाऱ्या. कपडे वाढले, मांडणी तीच राहिली.

आता तुलनेला दुसऱ्या टोकाचं काहीतरी लावा. दीक्षाभूमीच्या या शहरात भीमगीतं सगळ्यांच्या कानावरची आहेत. कडुबाई खरात एकतारी घेऊन गातानाचा व्हिडिओ लावा आणि तेच चार रकाने भरा. चेहरा, तारेवरचं बोट, उघडलेला गळा. कॅमेऱ्यामागे पैसा नसतानाही माणूस पूर्ण दिसतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

मुलांसोबत करताना निकाल तुम्ही सांगू नका. वही मुलीच्या हातात द्या, आणि मुलाला विचारा, ‘तिच्या जागी तुला उभं करून हेच शॉट घेतले तर?’ तो हसेल. हसू का आलं, यावर त्यालाच बोलू द्या.

आणि तुम्ही स्वतः गाणी शूट करत असाल तर शॉट लिस्ट करतानाच तिला एक काम द्या. ती बुलेट चालवू दे, सावजीच्या टेबलावर बिल मागू दे, त्याच्याकडे टक लावून बघू दे. तिच्या नजरेतून दिसणारा शॉट घ्याच. ‘दोन-चार ग्लॅमर शॉट काढून ठेव’ असं कॅमेरामनला सांगू नका. फुटेज हाताशी असलं की एडिटर ते वापरतोच. टेक झाल्यावर मॉनिटरवर तो आधी तिला दाखवा, आणि तिने ‘हा नको’ म्हटलं तर तिथेच, तिच्यासमोर डिलीट करा.