नव्या साच्याचं इंजिन येतंय? आधी डबे बुक करा

मॉडेल रेल्वेच्या छंदात एका बातमीने सगळ्यांची झोप उडते: अमुक इंजिन पूर्णपणे नव्या साच्यातून येतंय आणि सोबत त्याच गाडीचे जुळणारे डबेही. त्यानंतर खोकं हातात पडेपर्यंत दीड-दोन वर्षं सहज जातात. हा काळ नुसता फोटो बघण्यात घालवला की पुढे पस्तावायची वेळ येते. मी पस्तावलोय, म्हणून लिहितोय.

उदाहरणाला माझी आवडती गाडी घेतो: ब्रिटनमधली कॉरोनेशन स्कॉट. निळं इंजिन, निळे डबे आणि इंजिनाच्या नाकापासून शेवटच्या डब्यापर्यंत धावणारे रुपेरी पट्टे. इंजिन आणि डबे मिळून एकच वस्तू असलेली गाडी याहून चांगली सापडणार नाही. तुमची गाडी दुसरी असली तरी पायऱ्या याच.

पायरी 1: खरी गाडी ओळखून घ्या

लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेने, म्हणजे एलएमएसने, ही गाडी 5 जुलै 1937 ला लंडनच्या यूस्टनपासून ग्लासगोपर्यंत सुरू केली. 401 मैल, साडेसहा तास. त्याच वर्षी सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक झाला होता, नाव त्यावरून. इंजिनं एलएमएसचे मुख्य यांत्रिक अभियंता विल्यम स्टॅनियर यांच्या नावावर असली तरी आराखड्याचं बरंचसं काम मुख्य ड्राफ्ट्समन टॉम कोलमन यांनी केलं, कारण स्टॅनियर त्या काळात एका कामगिरीवर हिंदुस्थानात आले होते. हे वाचल्यापासून त्या इंजिनाशी आपलं लांबचं नातं असल्यासारखं मला उगाच वाटतं.

आता खरेदीशी संबंध असलेला भाग. निळी इंजिनं पाचच, 6220 ते 6224. पुढची पाच, 6225 ते 6229, आली 1938 मध्ये, लाल रंगात आणि सोनेरी पट्ट्यांत. 1939 मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी एक नवी लाल-सोनेरी गाडी अमेरिकेला गेली. तिच्यासोबत पाठवलं 6229 ‘डचेस ऑफ हॅमिल्टन’, पण पाटी लावली 6220 ‘कॉरोनेशन’ची! म्हणजे ‘6220 कॉरोनेशन’ हे नाव निळ्या इंजिनावरही बरोबर आणि लाल इंजिनावरही बरोबर. यादीत नुसतं नाव वाचून लाल इंजिन घेतलंत आणि त्याला निळे डबे जोडलेत, तर जाणकार पाहुणा गालातल्या गालात हसेल.

पुढे युद्ध आलं आणि सप्टेंबर 1939 मध्ये गाडी बंद पडली. निळ्या गाडीचं आयुष्य जेमतेम सव्वादोन वर्षांचं. 1946 पासून इंजिनांवरचं ते वाऱ्याला फसवणारं पत्र्याचं आवरणही काढून टाकलं. तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहा: साल, इंजिनाचा नंबर, डब्यांचा रंग. पुढचा प्रत्येक निर्णय या तीन ओळींवर घासून बघायचा.

(आपल्याकडे हीच गंमत डेक्कन क्वीनने आधी केली होती. 1 जून 1930 ला ती सुरू झाली तेव्हा सात-सात डब्यांचे दोन रेक होते, एक रुपेरी रंगाचा, दुसरा निळा आणि त्यावर सोनेरी रेघा. तिचं असं जोडीचं मॉडेल कोणी काढलं तर मी दागिने मोडीन. बायकोचे नव्हेत, माझी अंगठी.)

पायरी 2: पुठ्ठ्याची गाडी करा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. गाळू नका, एका संध्याकाळचं काम आहे.

ब्रिटिश मॉडेलं प्रामुख्याने ओओ प्रमाणात येतात, म्हणजे 1:76. हिशेब सोपा, खऱ्या फुटाला 4 मिलिमीटर. एलएमएसचा 57 फुटी डबा म्हणजे 228 मिमी. रुंदी नऊ फूट धरली तर 36 मिमी. टेंडरसह (म्हणजे मागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या गाड्यासह) इंजिन 295 मिमीच्या आसपास. साड्यांच्या खोक्यांचा पुठ्ठा घ्या, 228 बाय 36 च्या नऊ पट्ट्या कापा, इंजिनाची एक. मधे कपलिंगची जागा सोडून सगळं जमिनीवर मांडा.

मूळ गाडी नऊ डब्यांची होती. पुठ्ठ्याची गाडी जवळजवळ अडीच मीटर भरते. माझ्या हॉलमध्ये ती टीव्हीखालून निघाली आणि देव्हाऱ्यापाशी पोचली. आता ओओमध्ये ज्याला दुसऱ्या त्रिज्येचं वळण म्हणतात ते घ्या, 438 मिमी. नुसत्या वळणाच्या आठ तुकड्यांचं पूर्ण वर्तुळ केलं तर परीघ येतो 2 मीटर 75 सेंटीमीटर. म्हणजे अडीच मीटरची गाडी त्यावर धावताना इंजिनाचं नाक शेवटच्या डब्याच्या ढुंगणाला लागायला वीतभर अंतर उरतं. दोन्ही बाजूंना सरळ रूळ वाढवायला जागा नसेल तर नऊ डबे घेण्यात अर्थ नाही. पाच घ्या आणि सुखी राहा.

हे पुठ्ठे फेकू नका. फलाटाची लांबी, सायडिंग (गाडी उभी करायचा बाजूचा रूळ), बोगद्याचं तोंड, सगळं त्यांच्यावरच मोजायचं.

पायरी 3: डबे आधी, इंजिन नंतर

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते बहुतेकांच्या सवयीच्या उलट जातं. सगळे इंजिनावर तुटून पडतात आणि डबे ‘घेऊ नंतर’ म्हणून सोडतात.

थोडा कंपनीच्या बाजूने विचार करा. नवा साचा म्हणजे पोलादाच्या ठोकळ्यांत कोरलेलं काम, खर्च प्रचंड. तो वसूल करायला कंपनी त्याच साच्यातून पुन्हापुन्हा इंजिनं काढते: दुसरा नंबर, दुसरा रंग, युद्धकाळातलं काळं रूप. तुमचा हुकला तरी त्याचा भाऊ येतो. पण एकाच गाडीसाठी रंगवलेले निळे-रुपेरी डबे दुसऱ्या कुठल्या गाडीला लावणार? एकदा खपले की ते पुन्हा कधी निघतील याचा भरवसा नसतो.

माझी चूक हीच. काही वर्षांपूर्वी अशाच एका जोडीच्या गाडीचं इंजिन मी पहिल्याच दिवशी बुक केलं. डबे घ्यायला गेलो तेव्हा मधले सगळे मिळाले, गार्डचा डबा मात्र संपला होता. शेपटी नसलेल्या मांजरासारखी ती गाडी अजून कपाटात आहे.

म्हणून बुकिंगचा क्रम असा ठेवा. सर्वांत आधी दोन्ही टोकांचे गार्डचे डबे, कारण गाडी कितीही आखूड केली तरी ते लागतातच. मग भोजनयान आणि स्वयंपाकाचा डबा, गाडीचा थाट त्यांत असतो. मग इंजिन. साधे बसायचे डबे शेवटी. सगळं एकाच दुकानातून घ्या, म्हणजे पार्सल एक आणि टपालखर्चही एकदाच.

भारतात मागवणार असाल तर पैशांचा हिशेब आत्ताच मांडा. ब्रिटनमधल्या छापील किमतीत 20 टक्के व्हॅट धरलेला असतो. परदेशी पाठवताना बरीच दुकानं तो वजा करतात, बुक करतानाच विचारून घ्या. उलट आपल्याकडे सीमाशुल्क लागतं आणि त्याचा दर स्थिर नसतो. 2020 च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं मूळ शुल्क 20 टक्क्यांवरून थेट 60 वर गेलं होतं. पार्सल ज्या वर्षी येणार त्या वर्षीचा दर बघायचा, बुक केलेल्या वर्षीचा नाही.

पायरी 4: नमुन्यांचे फोटो वाचायला शिका

घोषणेनंतर चित्रं टप्प्याटप्प्याने येतात. आधी संगणकावरची रेखाटनं, मग साच्यातून निघालेला पहिला बिनरंगाचा नमुना, मग रंगवलेला नमुना, मग उत्पादन आणि जहाज. प्रत्येक टप्प्यावर बघायची गोष्ट वेगळी.

रेखाटनात आणि बिनरंगी नमुन्यात फक्त आकार बघा. कॉरोनेशनच्या बाबतीत सगळा जीव त्या गोल फुगीर नाकात आहे. थोडं चपटं झालं की इंजिन इस्त्रीसारखं दिसतं. ताडून बघायला यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयातल्या ‘डचेस ऑफ हॅमिल्टन’चे फोटो वापरा, तिच्यावर ते आवरण 2009 मध्ये पुन्हा चढवलंय. चूक दिसली तर कंपनीला कळवायची वेळ हीच, रंग चढल्यावर कोणी साचा बदलत नाही.

रंगवलेल्या नमुन्यात मी एकच जागा मोठी करून बघतो: टेंडर आणि पहिला डबा यांच्यामधली फट. पट्टे टेंडरवर ज्या उंचीवर संपतात त्याच उंचीवर डब्यावर सुरू होतात का? अर्धा मिलिमीटर फरक म्हणजे खऱ्या गाडीवर दीड इंच, आणि डोळा तो लगेच पकडतो. निळ्याची छटा दोन्हींवर एकच आहे का? इंजिन आणि डबे वेगवेगळ्या खेपांत रंगले की इथेच फसतं. नुसत्या इंजिनाचे फोटो कितीही सुंदर असले तरी जोडीचा फोटो येईपर्यंत मी मत देत नाही.

जुन्या कृष्णधवल फोटोंवरून छटेची वादावादी मात्र करू नका. त्या काळातल्या काही फिल्मवर निळा रंग फिका आणि लाल जवळपास काळा उमटायचा. त्यावर पैज लावणारे लोक मी पाहिलेत, दोघेही हरतात.

पायरी 5: वाट बघताना रूळ तपासा

29 जून 1937 ला पत्रकारांना घेऊन या गाडीची चाचणी झाली. क्रू (Crewe) या गावच्या स्टेशनच्या अलीकडे ताशी 114 मैलांचा वेग गाठला आणि ब्रेक लावायला उशीर झाला. जिथे 20 मैलांची मर्यादा होती त्या सांध्यांवर, म्हणजे रूळ बदलायच्या जागी, गाडी 57 मैलांनी शिरली. रुळांवरून उतरली नाही, पण स्वयंपाकाच्या डब्यातली कपबशी खळ्ळकन फुटली. आपल्या टेबलावर कपबशी नाही, पण सांधे आहेत.

खालपर्यंत पत्रा असलेल्या इंजिनात पुढच्या बोगीला डावी-उजवीकडे वळायला जागा कमी मिळते. (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, चार चाकांचा तो फिरता गाडा.) त्यामुळे 438 मिमीपेक्षा तंग वळण असेल तर ते आत्ताच उखडा. इंग्रजी एस आकाराची वळणं असतील तर मधे निदान एका डब्याएवढा सरळ रूळ घाला, पुठ्ठा आहेच मोजायला. चढ मीटरला 2 सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, नऊ डबे ओढायचे आहेत.

डीकोडर (डिजिटल नियंत्रणासाठी इंजिनात बसवायची छोटी चिप) मात्र आधी घेऊ नका. 8 पिनांचा, 21 पिनांचा, नेक्स्ट-18, सॉकेटचे प्रकार बरेच, आणि ते एकमेकांत बसत नाहीत. कंपनीने सॉकेट अधिकृतपणे जाहीर केल्यावरच पैसे काढा.

पायरी 6: खोकं आल्यावर

खोकं उघडताना फोन रेकॉर्डिंगला लावा. काही तुटलेलं निघालं तर हा एकच साक्षीदार. पाठकोऱ्या कागदावर तुटके-सुटे तुकडे गोळा करा. शिडी, कठडे, ब्रेकचे दांडे पिशवीतून घरंगळतात.

मग इंजिन एकटंच चालवा, अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे, मध्यम वेगात. डीकोडर बसवायचा असेल तर तो यानंतर. साध्या 12 व्होल्टवर ते नीट चालतंय हे आधी कळलं पाहिजे, नाहीतर दोष इंजिनाचा की डीकोडरचा यावर डोकं फुटतं. डबे एकदम नऊ जोडू नका, दोन-दोन वाढवा. एखादा डबा सारखा घसरत असेल तर रुळांना शिव्या देण्याआधी त्याच्या चाकांमधलं आतलं अंतर मोजा, 14.4 ते 14.5 मिमी हवं. बऱ्याचदा एकच जोडी आवळलेली निघते आणि हलक्या हाताने फिरवत बाहेर ओढली की काम होतं.

सगळे डबे लागल्यावर डोळे रुळाच्या उंचीवर आणा आणि वळणावरून गाडी तुमच्याकडे येऊ द्या. पट्टा टेंडरवरून डब्यावर कसा उतरतो ते इथूनच दिसतं. फरक दिसला तर आधी कपलिंगची उंची बघा, ते डब्याखालच्या खाचेत वाकडं बसलं की डबा किंचित उचलला जातो.

परत ठेवताना प्रत्येक खोक्यावर डब्याचा क्रमांक आणि तोंड कुठल्या दिशेला ते पेन्सिलने लिहा. पावसाळ्यात खोक्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि डबा फोमला थेट लागणार नाही असा पातळ कागदात गुंडाळा. गणपतीत पाहुणे आले की गाडी काढायची असते, आणि तेव्हा कुठला डबा कुठे हे आठवत बसायला वेळ नसतो.