सीआरपी वाढून आला तर काय करायचं

चेकअपचा रिपोर्ट आला, सीआरपीसमोर (सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन, शरीरात आतून सूज म्हणजे इन्फ्लमेशन असलं की रक्तात वाढणारं प्रथिन) 'हाय' दिसलं, की आमच्या फोंड्यात पहिलं काम म्हणजे फॅमिली ग्रुपवर फोटो टाकणं, आणि संध्याकाळपर्यंत कोणीतरी हळदीच्या कॅप्सूलचं नाव पाठवतंच. जरा थांबा, आधी रिपोर्ट नीट वाचा.

पहिलं बघायचं ते युनिट. काही लॅब मिलिग्रॅम पर लिटर लिहितात, काही पर डेसिलिटर, आणि दोन्हीत दहापटीचा फरक आहे, म्हणजे एकीकडचा 0.5 तोच दुसरीकडे 5. हार्टचा धोका बघायला एचएस-सीआरपी (बारीक वाढही पकडणारी सीआरपी टेस्ट) करतात, त्यात पर लिटर 1 मिलिग्रॅमच्या खाली चांगलं, 1 ते 3 मधलं, 3 च्या वर जास्त. 10 च्या वर गेला तर बहुतेक वेळा कुठलं तरी इन्फेक्शन किंवा दुखापत चालू असते. पावसाळ्यात ताप येऊन गेलाय, दाढ सुजलीय, डेंगी होऊन नुकते उठलात, अशा वेळी टेस्ट केली तर आकडा वाढणारच की! पूर्ण बरं झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी परत करा.

तेव्हाही वाढलेलाच आला तर मात्र आत कुठेतरी बारीक आग धुमसतेय असं समजा. सीआरपी लिव्हरमध्ये बनतं, ते फक्त सूज आहे एवढंच सांगतं, कुठे आहे ते नाही. अशी सूज वर्षानुवर्षं राहिली की रक्तवाहिन्यांच्या आत चरबीचे थर वाढतात आणि फुटायला सोपे होतात, इन्सुलिनचं काम नीट होत नाही, आणि शरीर लोह साठ्यात अडकवून ठेवतं, म्हणून काहींचं हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्या खाऊनही वर येत नाही.

आता ती आग शोधायची. टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून पोटाचा घेर मोजा, पँटचा साइज सांगू नका, पँट आपण पोटाखाली घालतो. पुरुषांना 90 सेंटीमीटर, बायकांना 80, याच्या वर असेल तर पोटातली चरबीच सूज वाढवणारी रसायनं सोडत असते. मग हिरड्या. ब्रश करताना रक्त येतं आणि वर्षानुवर्षं डेंटिस्टकडे गेला नाहीत, तर आधी तिथे जा, हे कोणी मनावरच घेत नाही. सिगारेट आणि कमी झोप ही तर आहेतच.

खाण्याचं म्हणाल तर आपल्याकडे बांगडा, तारली आहेत, ओमेगा-3 साठी कॅप्सूल कशाला? आठवड्यातून दोनदा खा, पण रोज रवा फ्राय नको, हुमण करा, उडदामेथी करा, म्हणजे माशांची आमटी. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा सुक्या माशांवर जोर देऊ नका, मीठ फार, त्यापेक्षा जवस-अक्रोड, कुळीथ, अळसांदे (चवळीसारखं कडधान्य). सकाळचा पातळभाजी-पाव रोजचा असेल तर निदान काही दिवस नाचणीची आंबील घ्या. हळद कढीत घाला बिनधास्त, पण कॅप्सूलमधला कर्क्युमिनचा (हळदीतल्या मुख्य घटकाचा) जादा डोस घेऊन लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात, तो डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. आणि रोज अर्धा तास भरभर चालायचं, आठवड्याचे पाच दिवस.

सकाळी उठल्यावर बोटं अर्ध्या-एक तासाच्या वर आखडलेली राहत असतील, वजन आपोआप उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल, तर घरी प्रयोग न करता डॉक्टर गाठा. चिकुनगुनियानंतर सांधे महिनोन् महिने दुखू शकतात, पण म्हणून फार्मसीतून पेनकिलर आणून रोज गिळू नका, किडनी आणि पोट दोन्हीला महागात पडतं. हे बदल सुरू केल्यावर टेस्ट परत करायची तर तीनेक महिन्यांनी, दर आठवड्याला नको, आकडा साध्या सर्दीनेही वरखाली होतो.