अतिनील इजा असलेला डीएनए तुटत होता, तो असा वाचवला

दुरुस्ती करणाऱ्या एन्झाइमच्या चाचणीसाठी शेजारच्या दोन थायमिन बेसमधली (६-४) जोडणी, म्हणजे अतिनील किरणांनी होणारी एक इजा, आम्हाला डीएनएच्या साखळीत नेमक्या एकाच जागी हवी होती. तिचा फॉस्फोरामिडाइट (यंत्रात साखळीला जोडायचा तयार घटक) वापरून यंत्रावर साखळी केली. तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर मात्र मुख्य पट्टा फिका आणि खाली आखूड तुकड्यांचे दोन ठसठशीत पट्टे!

पहिला संशय यंत्रावर एकेक घटक जोडण्याच्या टप्प्यावरच जातो. पण ट्रायटिलचा (प्रत्येक फेरीत सुटणाऱ्या गटाचा) नारिंगी रंग शेवटच्या फेरीपर्यंत छान गडद उतरत होता, म्हणजे साखळी पूर्ण होत होती. तुटत होती ती नंतर, बनवताना बेस झाकणारे संरक्षक गट काढायला दिलेल्या अमोनियात. ५५ अंशांवर रात्रभर ठेवलेलं साध्या डीएनएला चालतं. (६-४) अमोनियासारख्या गरम अल्कलीत टिकत नाही, साखळी तिथेच तुटते. (सायक्लोब्युटेन डायमर, म्हणजे अतिनील किरणांनी होणारी दुसरी इजा, त्या मानाने बराच चिवट.)

म्हणून बाकीच्या बेससाठी फिनॉक्सीअॅसिटिलसारखे चटकन निघणारे संरक्षक गट घेतले आणि अमोनिया खोलीच्या तापमानाला जेमतेम दोन तास दिला. एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर) एकच ठळक शिखर आलं, आणि ३२५ नॅनोमीटरला शोषणही दिसलं. साध्या डीएनएत ते नसतंच, त्यामुळे फार आनंद झाला.

नळ्या फॉइलमध्ये गुंडाळूनच ठेवा. त्याच तरंगलांबीच्या आसपासच्या प्रकाशाने (६-४) चं ड्युअर नावाचं वेगळ्या रचनेचं रूप होतं आणि हे शोषण नाहीसं होतं.